हे लाइफ सायन्समध्ये येतं का? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळी टपालातून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न आले ते वेगवेगळ्या गावचे आणि वेगवेगळ्या वयाच्या लोकांचे होते, पण अडलेले सगळे एकाच ठिकाणी. लाइफ सायन्स, हेल्थ टेक, बायोटेक हे शब्द आता कॉलेजच्या माहितीपत्रकावर असतात, बियाण्याच्या पिशवीवर असतात आणि प्रोटीनच्या डब्यावर पण असतात, मग यात नेमकं धरायचं काय? काही प्रश्न निवडलेत, नावं काढलीत, लांबलेले होते ते जरा कापलेत.

प्रश्न (नाशिकहून एक आई): मुलगी बारावीला आहे, पीसीबी ग्रुप. नीटमध्ये काही जमेल असं तिलाच वाटत नाही, आता म्हणते बीएस्सी लाइफ सायन्स करते. तिचे काका म्हणतात हे मेडिकलसारखंच असतं. आत्या म्हणते जुनं बॉटनी-झूलॉजीच आहे, नाव तेवढं नवीन. खरं कोणाचं? आणि नोकरीचं काय?

उत्तर: ताई, आत्या खरं सांगतायत, निदान काकांपेक्षा तरी. जिवंत गोष्टींचा अभ्यास करणारं जे जे शास्त्र ते सगळं यात येतं, म्हणजे बॉटनी, झूलॉजी तर आलंच पण मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, इकॉलॉजी, मेंदूचा अभ्यास, आणि हल्ली कॉम्प्युटरवर डीएनएचा डेटा चाळत बसणारे लोकही. सरकार पण असंच धरतं. संशोधन किंवा प्राध्यापकीसाठी सीएसआयआरची जी नेट परीक्षा असते तिच्यात विषय पाचच आहेत आणि त्यातला एक लाइफ सायन्सेस, म्हणजे एमएस्सीला बेडूक शिकलेली, बुरशी शिकलेली आणि बायोटेक केलेली पोरं एकच पेपर देतात.

मेडिकल मात्र ते नव्हे. ही डिग्री घेऊन पेशंट तपासता येत नाही, आणि फार्मसिस्ट म्हणून नाव नोंदवता येत नाही कारण त्याला डीफार्म, बीफार्म असं फार्मसीचंच शिक्षण लागतं. हे अ‍ॅडमिशनच्या आधी मुलीला नीट सांगा, कारण काही कॉलेजांच्या जाहिरातीत स्टेथोस्कोप घातलेली मुलगी दाखवतात आणि शिकवतात एन्झाइम कायनेटिक्स.

पण हे कमी दर्जाचं आहे असं काकांना वाटत असेल तर त्यांना नेक्सकार19 बद्दल सांगा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून काढलेली ही भारतातली पहिली कार-टी थेरपी, तिला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये पेशंटच्याच टी-पेशी काढून घेतात, लॅबमध्ये त्यांच्यात एक नवीन जीन घालतात म्हणजे त्या कॅन्सरच्या पेशी ओळखायला लागतात, मग त्यांची संख्या वाढवून त्याच माणसाला परत देतात. सलाइन लावायचं काम डॉक्टर-नर्सचं, पण त्याच्या आधीची पेशी वाढवण्याची, जीन नीट बसलाय का आणि बॅचमध्ये जंतू तर नाहीत ना हे तपासायची कामं लाइफ सायन्सवाल्यांचीच. आणि यात महाराष्ट्र काही आज आलेला नाही. हाफकिनने प्लेगची लस 1897 मध्ये मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये बनवली आणि पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली, ते पण डॉक्टर नव्हते, शिकलेले झूलॉजी होते!

नोकरीचं सरळ सांगते. नुसत्या बीएस्सीवर पगार बेताचाच सुरू होतो आणि काम क्वालिटी कंट्रोल, क्लिनिकल ट्रायलची कागदपत्रं किंवा मेडिकल कोडिंग असं काहीतरी मिळतं. खरी दारं एमएस्सीनंतर उघडतात, पुण्यात एनसीसीएस, आयसर, आघारकर, खारघरला अ‍ॅक्ट्रेक, कुलाब्याला टीआयएफआर अशा संशोधन संस्था आहेत. पीएचडीसाठीची जेआरएफ फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 स्टायपेंड आहे. मुलीला प्रयोग करायचा कंटाळा नसेल, आणि नऊ वेळा फसलेला प्रयोग दहाव्यांदा लावायची चिकाटी असेल तर जाऊ द्या. नीट हुकली म्हणून काहीतरी जवळचं हवंय, एवढंच कारण असेल तर एकदा बसून बोला.

प्रश्न (सोलापूर): वडिलांना बीपी आहे म्हणून त्यांना स्मार्टवॉच घेऊन दिलं, त्यात बीपी दिसतं. डॉक्टर म्हणाले घड्याळ राहू दे, दंडाला बांधायची मशीन आणा. घड्याळ पण हेल्थ टेक्नॉलॉजीच आहे ना? चांगलं महागाचं आहे.

उत्तर: महागाचं आहे म्हणून ते वैद्यकीय उपकरण होत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्राची एक अधिसूचना निघाली, 1 एप्रिल 2020 पासून लागू आहे, तिच्यात मेडिकल डिव्हाइसची व्याख्या खूप मोठी केली. यंत्र, इम्प्लांट, अगदी सॉफ्टवेअरसुद्धा त्यात आलं, पण कळीचा मुद्दा असा ठेवलाय की बनवणाऱ्याने ती वस्तू कशासाठी म्हणून बाजारात आणली. आजार ओळखायला, त्यावर लक्ष ठेवायला, उपचाराला असं तो म्हणत असेल तर ते मेडिकल डिव्हाइस, मग लायसन्स आलं, तपासण्या आल्या, जबाबदारी आली. आता वडिलांच्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये अगदी तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच घड्याळांत हे फक्त वेलनेससाठी आहे, निदानासाठी वापरू नये, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणजे जाहिरातीत हार्ट, बीपी, ऑक्सिजन सगळं दाखवायचं आणि कागदावर हात वर करायचे.

तंत्राचं म्हणाल तर फुगणारा पट्टा नसलेलं घड्याळ बीपी मोजतच नाही. ते मनगटावर लाइट टाकतं, रक्ताची लाट कशी येते-जाते ते बघतं आणि त्यावरून बीपीचा अंदाज बांधतं, म्हणून काही घड्याळं तर दर चार आठवड्यांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावी लागतात. मग दंडाची मशीन घरात आहेच तर तीच का नको वापरायला? युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शननेही 2023 च्या गाइडलाइनमध्ये कफ, म्हणजे दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा, नसलेल्या उपकरणांवर बीपीचं निदान आणि उपचार ठरवू नयेत असंच म्हटलंय.

पण सगळं घड्याळ फेकून द्यायचं असंही नाही. काही घड्याळांतलं ईसीजी फीचर रीतसर तपासून घेतलेलं असतं, अ‍ॅपलच्या घड्याळातल्या ईसीजीला अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्येच मान्यता दिली. म्हणजे एकाच डबीत एक फीचर वैद्यकीय आणि शेजारचं फीचर करमणूक, असंही असू शकतं, म्हणून प्रत्येक फीचरचं वेगळं बघायचं.

मशीन घेताना दंडाचीच घ्या, मनगटाची नको, आणि कफ बाबांच्या दंडाच्या मापाचा घ्या कारण छोटा कफ जाड दंडाला लावला की बीपी उगाच जास्त दाखवतं. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या उंचीला ठेवून मोजायचं, आणि मोजताना सुनेशी वाद घालायचा नाही.

प्रश्न (जळगावचे कापूस उत्पादक): बियाण्याच्या कंपनीचा माणूस मीटिंगमध्ये म्हणाला आम्ही लाइफ सायन्स कंपनी आहोत. औषधवाले आणि बियाणेवाले एका रांगेत कसे? आणि बोंडअळी परत आली ती कोणाच्या खात्यात टाकायची?

उत्तर: दादा, त्या माणसाने खोटं नाही सांगितलं. जीन उचलून दुसऱ्या जिवात बसवायचं जे तंत्र आहे त्यातूनच 1982 मध्ये बॅक्टेरियाकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं, त्याच्या आधी डुकराच्या नाहीतर गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं वापरायचे. त्याच तंत्राने मातीतल्या एका बॅक्टेरियाचा जीन कपाशीत बसवला आणि मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली, त्यात आपल्या जालन्याची बियाणे कंपनी महिको होती. लॅबमधले हात तेच, म्हणून दोघं एका रांगेत. कायदा मात्र वेगळा, इन्सुलिन औषधाच्या कायद्यात आणि बीटी बियाणं पर्यावरण मंत्रालयाच्या जीईएसी कमिटीकडे.

आता बोंडअळी. बीटीचं विष ठराविक अळ्यांवर चालतं, मावा-तुडतुड्यांवर ते आधीपासूनच चालत नव्हतं. गुलाबी बोंडअळीने एका जीनच्या बीटीला दाद न देणं 2010 च्या आसपास गुजरातमध्ये दिसलं, मग दोन जीनचं बोलगार्ड-2 सुद्धा तिने पचवलं. शेताच्या कडेला बिगर-बीटी कपाशीचे पट्टे लावा, म्हणजे बीटीला दाद देणाऱ्या अळ्याही टिकतील, म्हणून पाकीट यायचं, ते लावलं किती जणांनी? वर लांब मुदतीचे हायब्रिड, फरदड (वेचणी झाल्यावरही तीच कपाशी ठेवून) घेऊन पीक फेब्रुवारीपर्यंत उभं, म्हणजे अळीला वर्षभर जेवण. दोष एकट्या शेतकऱ्याचा मी धरणार नाही, कंपन्यांनी बियाणं विकलं तेवढ्या जोरात पट्ट्याचं महत्त्व सांगितलं नाही, आणि सरकारने बघितलं नाही. आत्ताच्या हंगामाचं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सल्ल्यावर चाला, दुकानदाराच्या नको. आणि बिनपावतीचं तणनाशक-सहनशील बियाणं कितीही स्वस्त मिळालं तरी ते बेकायदा आहे, उगवलं नाही तर दाद कुठेच मागता येणार नाही.

प्रश्न (इंदापूर, दूध व्यवसाय): गाईच्या रेतनाच्या कांड्या, त्यातल्या कालवड होणाऱ्या महागाच्या कांड्या, गाईंचं आयव्हीएफ, हे पण यातच का?

उत्तर: हो, शंभर टक्के. उरुळी कांचनला बाएफ ही संस्था 1967 पासून यातच काम करतंय, तेव्हा हा शब्दसुद्धा आपल्याकडे कुणी वापरत नव्हतं. वर सोलापूरच्या उत्तरात मेडिकल डिव्हाइसची जी व्याख्या सांगितली तिच्यातही माणसं आणि जनावरं दोन्ही धरलीत. कालवडीच्या कांडीत शुक्रजंतू मशीनवर वेगळे केलेले असतात, डीएनए किंचित जास्त असलेले एकीकडे, त्यामुळे साधारण दहात नऊ वेळा कालवड होते पण गाभ राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा जरा कमी पडतं. म्हणून पहिलारू, तब्येतीने चांगल्या कालवडींवर वापरा, गाभ न राहता सारखी उलटणाऱ्या गाईवर पैसे घालू नका.

प्रश्न (पुण्यातला इंजिनियर): आम्ही तिघा मित्रांनी हॉस्पिटलसाठी अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर केलंय, चालतंय बरं. आता छातीच्या एक्स-रेवर टीबीचा संशय दाखवणारं एआय करतोय. ग्रँटच्या फॉर्मवर सेक्टरमध्ये लाइफ सायन्स, मेडिकल डिव्हाइस, आयटी असे चौकोन आहेत. टिक कशावर करू?

उत्तर: तुमच्याकडे दोन वेगळी प्रॉडक्ट आहेत आणि दोघांचा चौकोन वेगळा आहे. बिलिंग आणि अपॉइंटमेंट हे आयटी. ते हॉस्पिटलात बसवलं म्हणून लाइफ सायन्स होत नाही, तसं धरलं तर हॉस्पिटलची लिफ्ट पण हेल्थ टेक. एक्स-रेचं मात्र मेडिकल डिव्हाइसमध्येच येणार कारण तुम्ही आजाराबद्दल काहीतरी म्हणताय. मेडिकल डिव्हाइस नियम 2017 चे आहेत, धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग, साधं ड्रेसिंग ए मध्ये आणि हृदयाची झडप डी मध्ये. ऑक्टोबर 2022 पासून ए-बी ला (ए मधली काही साधी उपकरणं सोडून) आणि ऑक्टोबर 2023 पासून सी-डी ला लायसन्सची सक्ती आहे. तुमचा वर्ग सीडीएससीओच्या, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेच्या, याद्यांवरून बघा आणि एखाद्या रेग्युलेटरीच्या माणसाला आत्ताच गाठा, प्रॉडक्ट झाल्यावर नको, कारण डिझाइनचे कागद पहिल्या दिवसापासूनचे मागतात आणि ते मागच्या तारखेने तयार करायला बसलेली टीम बघवत नाही.

टीबीच्या एक्स-रेची वाट नवीन नाही. डब्ल्यूएचओने 2021 मध्ये 15 वर्षांवरच्या लोकांच्या टीबी स्क्रीनिंगसाठी अशी सॉफ्टवेअर डॉक्टरच्या ऐवजी वापरायला हरकत नाही असं सांगितलं, आणि या कामातली एक मोठी कंपनी, क्युअर डॉट एआय, आपल्या मुंबईचीच. म्हणजे तुमच्या आधी माणसं पोचलीत. तुम्ही वेगळं काय देताय ते शोधा. माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे, की एका चकचकीत हॉस्पिटलच्या डिजिटल मशीनच्या एक्स-रेवर शिकवलेलं मॉडेल गडचिरोलीच्या कॅम्पमधल्या पोर्टेबल मशीनच्या फिल्मवर, जुना टीबी बरा झालेल्या माणसाच्या डाग पडलेल्या छातीवर, काय उत्तर देतं. डेटा घेताना एथिक्स कमिटीची परवानगी हवीच, आणि 2023 चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा एकदा वकिलाबरोबर बसून वाचा. अजून एक, 2020 च्या टेलिमेडिसिन गाइडलाइनप्रमाणे एआयने पेशंटला सल्ला किंवा औषध लिहून द्यायचं नाही, ते डॉक्टरला मदत करू शकतं. अ‍ॅपमध्ये गोळ्या सुचवायचं बटण टाकायचा मोह होईल, टाकू नका.

पैशाचं: बायरॅक या केंद्राच्या बायोटेक संस्थेची बिग नावाची ग्रँट आहे, 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत, त्यात मेडिकल डिव्हाइस आणि डायग्नोस्टिक्स चालतात. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईतलं बेटिक, नवीन प्रॉडक्टवाल्यांना मदत करणाऱ्या या दोन जागी जाऊन या. आणि फॉर्मवर लाइफ सायन्सला टिक करून जास्त मार्क मिळतील असं कोणी सांगितलं असेल तर पॅनेलवर समोर बसलेला बायोलॉजिस्ट पहिल्याच मिनिटाला विचारेल की यात बायोलॉजी कुठेय.

प्रश्न (कोल्हापूर): ओळखीतल्या काकू एक पावडर विकतात, डब्यावर कंपनीच्या नावात लाइफ सायन्सेस आहे, शुगर कमी होते म्हणतात. घेऊ का?

उत्तर: डबा फिरवून बघा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, 14 आकडी नंबर असेल तर ते खाद्य आहे, औषध नाही, आणि अशा डब्यावर बहुतेक वेळा औषधी वापरासाठी नाही असंही इंग्रजीत छापलेलं सापडेल. कंपनीच्या नावात कोणीही काहीही लिहितं. डायबेटिस बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. काकूंशी संबंध ठेवायचे असतील तर त्यांच्याकडून साबण घ्या, शुगरच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका.

प्रश्न (लातूर, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झालेला मुलगा): माझी छोटी लॅब आहे. बोर्डवर लाइफ सायन्स अँड डायग्नोस्टिक्स असं लिहिलं तर चालेल का? रिपोर्टवर माझी सही चालते का?

उत्तर: बोर्डवर काय लिहितोस त्यापेक्षा रिपोर्टच्या खाली कोणाची सही आहे ते महत्त्वाचं. डिसेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या, नोंदणी असलेल्या डॉक्टरचीच सही हवी. टेक्निशियनच्या हाताशिवाय एकही टेस्ट होत नाही हे खरंय, तुझी चीड समजते, आणि 2021 मध्ये अलाइड हेल्थकेअरचा जो कायदा आला त्यात लॅबवाल्यांच्या व्यवसायाला स्वतंत्र ओळखही मिळालीय. पण सहीचा प्रश्न त्याने मिटत नाही. पॅथॉलॉजिस्ट खरोखर येऊन स्लाइड बघणारा जोड, लांबून डिजिटल सही भाड्याने देणारा नको. अडचण आली की सही भाड्याने देणाराच सगळ्यात आधी फोन उचलायचा बंद करतो.

प्रश्न (ठाण्याचं जोडपं, सातवा महिना): एका कंपनीचा एजंट दवाखान्याच्या बाहेर भेटला, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवा म्हणतो, पुढे 80 आजारांवर उपयोगी. पाऊण लाखाचं पॅकेज, हप्ते आहेत. हे खरं लाइफ सायन्स आहे का फसवणूक?

उत्तर: शास्त्र खरं आहे, विकतात ते वेगळं आहे. नाळेच्या रक्तात रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल असतात आणि त्यांचं पहिलं प्रत्यारोपण 1988 मध्ये पॅरिसमध्ये झालं, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या मुलावर. पण लक्षात घ्या, त्या मुलाला नाळेचं रक्त त्याच्या नवजात बहिणीचं दिलं होतं, स्वतःचं नाही. एजंट नेमकं हेच गाळतो. ज्या रक्ताच्या आजारांची तो यादी दाखवतो त्यातले बरेच जन्मजात आहेत, थॅलेसेमिया घ्या, तो दोष बाळाच्या नाळेतल्या पेशींतही असणारच मग त्याच पेशी परत देऊन उपयोग काय? लहान मुलांच्या काही ल्युकेमियातही सुरुवातीचा बिघाड जन्माच्या आधीच झालेला असतो. म्हणून आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या गाइडलाइनमध्ये स्वतःच्या भविष्यासाठी नाळेचं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही असं म्हटलंय. बँकेला लायसन्स असतं, ते साठवण नीट करतात एवढ्याचंच, पुढे उपयोग होईल याचं नाही. आणि नाळेचा तुकडा, पुढे दुधाचे दात, असलं काही वाढवून पॅकेज करत असेल तर नाळेच्या रक्ताशिवाय बाकी स्टेम सेल बँकिंगला त्या गाइडलाइनने परवानगीच दिलेली नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी यांची नावं घेऊन कोणी स्टेम सेलचं इंजेक्शन विकत असेल तर तिथून सरळ उठून या.

साठवायला खरं कारण असतं ते एकच ठिकाणी, घरात आधीचं मूल थॅलेसेमिया किंवा तसल्या आजाराचं असेल तर. तेव्हा नवीन बाळाचं रक्त त्या भावंडाला जुळू शकतं आणि ते ठरवायचं हिमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरने. तुमच्याकडे तसं काही नसेल तर त्यापेक्षा एक साधी गोष्ट बघा, पहिल्या तपासण्यांत थॅलेसेमियासाठी एचबीए2 ची टेस्ट झाली होती का ते फाइल उघडून बघा. सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत वाहक, म्हणजे स्वतःला त्रास नसलेले पण दोष मुलांना देऊ शकणारे लोक, जास्त सापडतात पण बाकीच्यांत नसतात असं नाही. झाली नसेल तर या आठवड्यात डॉक्टरांना विचारून आधी आईची करून घ्या, आई वाहक निघाली तर लगेच वडिलांची. ही टेस्ट खरं तर पहिल्या तिमाहीतच व्हायला हवी, सातव्या महिन्यात तिचा उपयोग बाळाची जन्मानंतर तपासणी करायची का आणि पुढच्या वेळी काय करायचं हे ठरवायला होईल. एजंटला सध्या डॉक्टरांशी बोलून सांगतो म्हणा, फॉर्मवर सही नको.